नौपाड्यातला शास्त्रज्ञ-भरतीचा क्लास: मुलाखतीची बॅच घ्या, गेटची नको

गेल्या वर्षी मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका क्लासला दोन हप्त्यांत ६२,००० रुपये भरले. त्यातले ४४,००० गेटच्या, म्हणजे इंजिनीअरिंगनंतरच्या देशपातळीवरच्या परीक्षेच्या, बॅचचे आणि १८,००० मुलाखतीच्या तयारीचे. डीआरडीओ (संरक्षण खात्याची संशोधन संस्था) किंवा बीएआरसीत (भाभा अणुसंशोधन केंद्र) शास्त्रज्ञ व्हायचंय अशा मुलांसाठीचा हा क्लास. मुलगी मेकॅनिकल इंजिनीअर आहे, वय चोवीस. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण कुणा एकाला बदनाम करायचं मनात नाही. ज्या आईबापांचे पैसे अजून खिशात आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. ४४,००० वाया गेले. १८,००० मी उद्या पुन्हा भरीन.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ३१ वर्षं टर्नर होतो. राहायला कळव्यात, खारेगावला. एकदा पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून एक तरुण बाई नमुन्याचा जॉब, म्हणजे लेथवर कातायचा धातूचा भाग, करून घ्यायला आल्या होत्या. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, इतका कडक की आमचा फोरमन म्हणाला, हा जॉब या मशीनवर निघणार नाही. बाईंनी वाद घातला नाही. ॲप्रन चढवून दोन तास माझ्या लेथजवळ उभ्या राहिल्या. चिप, म्हणजे कातताना निघणारा धातूचा किस, कशी निघतेय, कुठल्या रंगाची निघतेय ते बघितलं, टूलचा कोन विचारला, वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात ड्रॉइंग बदलून आल्या. जॉब निघाला. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा मुलगी तिसरीत होती. तिने विचारलं, "बाबा, त्या बाईंना हे कोणी शिकवलं?" मला उत्तर देता आलं नव्हतं. पुढे मुलगी याच वाटेने निघाली तेव्हा तो प्रश्न माझाच झाला.

आता क्लास. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, जुन्या इमारतीत दुसरा मजला. जिन्यात निवड झालेल्या मुलांचे फोटो लावलेत. त्यातल्या दोघांना मुलगी कॉलेजपासून ओळखते. ते इथे फक्त एक मॉक टेस्ट द्यायला आले होते. विचारलं तेव्हा काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडेच होते ना." हे मला आवडलं नाही.

गेटच्या बॅचला सत्तर मुलं. शिकवणारे तीन महिन्यांत दोनदा बदलले. थर्मोडायनॅमिक्सचा निम्मा भाग पडद्यावर रेकॉर्ड केलेले व्हिडिओ लावून उरकला. नोट्स म्हणून दिलेल्या झेरॉक्समध्ये आकृत्या इतक्या पुसट की बाण कुठल्या दिशेला आहे ते दिसेना. गेट म्हणजे तीन तासांत ६५ प्रश्न, १०० गुण, चुकीच्या पर्यायाला गुण कापतात. ही सवयीची परीक्षा आहे. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं फुकट आहेत, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका फुकट आहेत. मुलगी शेवटी कळव्याच्या अभ्यासिकेत बसून त्यावरच अभ्यास करत होती आणि क्लासला फक्त हजेरीपुरती जायची. तिचा स्कोअर चांगला आला तो अभ्यासिकेमुळे, हे ती स्वतः सांगते.

पण खरी तक्रार याहून मोठी आहे. पैसे घेताना काउंटरवर कुणी नीट सांगितलं नाही की ही भरती होते कशी. "डीआरडीओ-बीएआरसीची परीक्षा" असं एका दमात म्हणतात, जणू ती एकच परीक्षा आहे. दोन्ही वाटा पूर्ण वेगळ्या आहेत आणि पैसे कुठे घालायचे ते त्यावरच ठरतं.

डीआरडीओची भरती दिल्लीत तिमारपूरचं रिक्रूटमेंट अँड असेसमेंट सेंटर करतं, मुलं त्याला 'रॅक' म्हणतात. सायंटिस्ट बी हे पहिलं पद. जाहिरात येते, गेटच्या स्कोअरवरून मुलाखतीला बोलावतात, आणि अलीकडच्या जाहिरातींत शेवटच्या यादीसाठी गेटला ८० टक्के आणि मुलाखतीला २० टक्के वजन आहे. बीएआरसीचं उलट. तिथे गेटचा स्कोअर लावा किंवा त्यांची स्वतःची ऑनलाइन परीक्षा द्या: शंभर प्रश्न, दोन तास, बरोबर उत्तराला तीन गुण, चुकलं तर एक वजा. पण हे सगळं फक्त मुलाखतीच्या दारापर्यंत. पुढची निवड निव्वळ मुलाखतीच्या गुणांवर आणि वैद्यकीय तपासणीवर. म्हणजे परीक्षेत पहिला आलेला मुलगा आणि कसाबसा आत घुसलेला मुलगा त्या खोलीत शिरताना सारखेच. एवढं मला पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी ४४,००० घरी ठेवले असते.

मुलाखतीची बॅच संध्याकाळी सहानंतर, त्याच मजल्यावरच्या मागच्या खोलीत. सहा मुलं, एक फळा, एक पंखा. शिकवणारे सर सत्तरीच्या पुढचे. संरक्षण खात्यात होतो, एवढंच सांगतात. कुठे, कशावर, हे मुलांनी कितीदा विचारलं तरी हसून पुढचा प्रश्न घालतात. पालकांना मागे बसू देतात. मी सहा संध्याकाळी बसलो, म्हणून हे ऐकीव नाही.

पहिल्या दिवशी सरांनी मुलीला आवडीचे विषय विचारले. बीएआरसीच्या मुलाखतीतही सुरुवात साधारण अशीच होते, तुमचे विषय तुम्ही सांगायचे. ती म्हणाली, हीट ट्रान्सफर. सरांनी समोरचा कटिंगचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. "हा पिण्याजोगा कधी होईल? काळ आडवा घे, तापमान उभं घे, काढ रेघ." तिने काढली. "आता यात स्टीलचा चमचा ठेव. चमच्याच्या दांड्याचं तापमान?" तेही काढलं. "आता ग्लास राहू दे. अणुभट्टीतली युरेनियमची कांडी घे. उष्णता बाहेरून येत नाही, आतच तयार होते. सगळ्यात तापलेली जागा कुठली आणि का?" मुलीने धडाधड सूत्र लिहिलं. सर उठले, डस्टरने सूत्र पुसलं आणि म्हणाले, "हे मलाही पाठ आहे. तू काढून दाखव."

त्यानंतर सात-आठ मिनिटं खोलीत कोणी बोललं नाही. मागच्या बाकावर मला घाम फुटला होता. शेवटी ती म्हणाली, "सर, सूत्र आठवतंय पण ते कुठून येतं हे आत्ता माहीत नाही. कांडीचा एक पातळ गोल थर घेऊन आत किती तयार होते आणि बाहेर किती जाते ते मांडून बघते." सरांनी टेबलावर हात आपटला. "हे! हे वाक्य घेऊन आत जायचं." मग वीस मिनिटं तिने थर घेतला, समीकरण मांडलं, एकदा चिन्ह चुकवलं, सुधारलं आणि कांडीच्या मध्यावर सगळ्यात जास्त तापमान काढून दाखवलं. चार वर्षांच्या इंजिनीअरिंगमध्ये तिला कुणी फळ्यापुढे इतका वेळ उभं केलं नव्हतं. ही मुलाखत म्हणजे तास तासभर चालणारी असते. तिथे पाठांतर पंधराव्या मिनिटाला संपतं आणि मग उरलेला वेळ मुलगा विचार कसा करतो तेच बघतात.

आणखी एक गोष्ट सरांनी केली. मराठी माध्यमातून आलेला कळव्याचाच एक मुलगा होता, इंग्रजीत अडायचा. सर म्हणाले, आधी मराठीत सांग, पूर्ण सांग, मग तेच इंग्रजीत. दोन आठवड्यांत त्याचं अडखळणं निम्मं झालं. अडचण त्याच्या विषयात कधीच नव्हती, जिभेत होती.

एका रविवारी सर पालकांना आणि मुलांना बसवून, सरकारं शस्त्रांवर काम करणारे शास्त्रज्ञ मिळवतात कुठून आणि घडवतात कसे, यावर दोन तास बोलले. क्लासच्या छापील माहितीत या तासाचा उल्लेखही नाही. माझ्या मते ६२,००० मधला सगळ्यात किमती तास हाच.

त्यांनी सुरुवात दुसऱ्या महायुद्धापासून केली. अमेरिकेने १९४३ मध्ये अणुबॉम्ब बनवायला लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत माणसं गोळा केली तेव्हा येणाऱ्या कित्येकांना नेमकं काय करायचंय ते ठाऊक नव्हतं. एप्रिलमध्ये रॉबर्ट सर्बर नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने त्यांना फळ्यावर पाच व्याख्यानं दिली. बॉम्ब कसा होऊ शकतो, काय माहीत आहे, काय माहीत नाही, सगळं. आजूबाजूला सुतार-गवंडी काम करत होते, म्हणून त्याला 'बॉम्ब' हा शब्द टाळायला सांगितला. मग सगळे 'गॅजेट' म्हणू लागले. हे ऐकताना मी चमकलो. फॅक्टरीत आम्हीही कधी 'गोळा' म्हणालो नाही. आम्ही 'जॉब' म्हणायचो. किती जॉब निघाले, किती रिजेक्ट झाले.

युद्ध संपल्यावर तयार माणसं उचलण्याची चढाओढ लागली. अमेरिकेने सोळाशेच्या आसपास जर्मन शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ आपल्याकडे नेले, त्यात रॉकेट बनवणारा व्हर्नर फॉन ब्राउन. रशियाने २२ ऑक्टोबर १९४६ ला दोन हजारांहून जास्त जर्मन तज्ज्ञ कुटुंबांसकट आगगाड्यांत घालून नेले, त्यांची मर्जी विचारली नाही. इस्रायलने १९७९ पासून वेगळी रीत काढली. शाळा संपलेली निवडक मुलं सैन्यातच भरती करायची, भौतिकशास्त्र-गणिताची पदवी द्यायची आणि बदल्यात कितीतरी वर्षं सेवा घ्यायची. त्याला तलपियोत म्हणतात.

आणि आपण? आपल्याकडे तयार माणसं नव्हती. होमी भाभांनी मार्च १९४४ मध्ये, देश पारतंत्र्यात असताना, दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून संशोधन संस्था मागितली. दोनेक दशकांनी अणुवीज बनवायची वेळ येईल तेव्हा तज्ज्ञ परदेशातून आणायला लागू नयेत, ते इथेच तयार असावेत, असं त्यात होतं. १९५७ मध्ये त्यांनी, पुढे बीएआरसी झालेल्या केंद्राचं, ट्रेनिंग स्कूल काढलं. रिॲक्टर कुठल्याच कॉलेजात शिकवत नव्हते, म्हणून इंजिनीअर आणि एमएस्सी झालेली मुलं घ्यायची आणि वर्षभर आपणच शिकवायची. भौतिकशास्त्रवाल्याला थोडं इंजिनीअरिंग, इंजिनीअरला थोडं भौतिकशास्त्र. तो वर्षाचा अभ्यासक्रम आजही चालतो. आपले अनिल काकोडकर मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजातून याच शाळेत गेले आणि पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

सर म्हणाले, आपल्याकडे ही भरती पेपरात जाहिरात देऊन होते, हे विसरू नका. मला ते पटलं, मनापासून पटलं. कुणाच्या ओळखीची चिठ्ठी नाही. खारेगावातल्या टर्नरच्या मुलीला आणि आयआयटीतल्या मुलाला एकच अर्ज आणि एकच फळा.

मग एका मुलाने विचारलं, "सर, एकदा आत गेलं की बाहेर पडता येतं का?" सरांनी दोन उत्तरं दिली. पहिलं कागदावरचं. बीएआरसीच्या वर्षभराच्या प्रशिक्षणानंतर किमान तीन वर्षं सेवेचं बंधपत्र असतं, प्रशिक्षणात किमान गुण मिळाले नाहीत तर नेमणूकच होत नाही. पोलीस पडताळणी होते, शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा लागू होतो, परदेशी जायचं तर परवानगी लागते. दुसरं उत्तर जोसेफ रॉटब्लाटचं. पोलंडमध्ये जन्मलेला हा माणूस लॉस अलामोसला गेला तो हिटलरच्या हाती आधी बॉम्ब पडेल या भीतीने. जर्मनीने तो नाद सोडलाय असं १९४४ च्या अखेरीला कळलं तेव्हा तो काम सोडून निघून गेला. १९९५ मध्ये त्याला शांततेचं नोबेल मिळालं.

थोडा वेळ थांबून सर स्वतःबद्दल बोलले, एकदाच. "माझ्या पहिल्या चाचणीनंतर साहेब मला बंकरबाहेर घेऊन गेले. समोर खड्डा होता. हातात टेप दिली आणि म्हणाले, मोज. मी मोजला, आकडे लिहिले. संध्याकाळी साहेबांनी विचारलं, काय मोजलंस? मी आकडे सांगितले. ते म्हणाले, उद्या परत जाऊन बघ." सरांनी पुढे काही सांगितलं नाही. मुलं गप्प होती.

हेच क्लासच्या माहितीपत्रकात कुठे नाही. तिथे काय आहे? पगाराची लेव्हल टेन, मूळ पगार ५६,१००, सरकारी क्वार्टर, आणि अग्नी क्षेपणास्त्राचा रंगीत फोटो. पगाराचं सांगायला हवंच, आम्हालाही तो लागतो. जागा रिकामी होण्याची वाट न बघता गुणवत्तेवर बढती देण्याची पद्धत शास्त्रज्ञांना आहे, तेही सांगायला हवं आणि नेमकं तेच सांगत नाहीत. पण त्या फोटोतली वस्तू बनते कुठे, त्यामागे मुलं काय शिकतात, याची एक ओळ नाही. पुण्याजवळ गिरीनगरला, खडकवासल्याच्या बाजूला, संरक्षण खात्याची जी संस्था आहे ती १९५२ मध्ये खडकीत शस्त्रास्त्रांचं शिक्षण देण्यासाठीच सुरू झाली. टेसी थॉमस यांनी गाइडेड मिसाइलमध्ये एमई तिथे केलं, १९८८ मध्ये डीआरडीओत गेल्या, आणि २०१२ मध्ये अग्नी-५ पहिल्यांदा उडालं तेव्हा त्या त्याच्या प्रकल्प संचालक होत्या. माझ्या लेथपाशी उभ्या राहिलेल्या बाईंना कोणी शिकवलं, याचं उत्तर मला असं तुकड्यातुकड्यांनी मिळालं, आणि मुलीच्या क्लासमध्ये मिळालं.

त्या रविवारी आम्ही दोघं तलावपाळीला बसलो. मी तिला विचारलं, "तू काय बनवणार, याचा विचार केलास का?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही केला होता?" मी खरं सांगितलं. पहिली वीस वर्षं केला नाही. १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी आमच्या विभागात ओव्हरटाइम सुरू झाला, रात्री घरी आलो की टीव्हीवर तोफा दिसायच्या, आणि शवपेट्याही दिसायच्या. आपल्या पोरांच्या मागे दारूगोळा कमी पडू नये म्हणून मी जीव तोडून काम केलं. त्याचा मला आजही अभिमान आहे. पण पलीकडेही कुणाचं पोर असेल, हे तेव्हा मनात आलं आणि परत गेलं नाही. दोन्ही माझ्यात आहेत. तिने लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, जमलं तर अंबरनाथची नौदलाची सामग्री प्रयोगशाळा, पाणबुडीला वीज देणारे फ्युएल सेल करतात ती. नाहीतर बीएआरसीत रिॲक्टर.

बीएआरसी म्हणजे फक्त बॉम्ब, असं पालकांनी समजू नये. मसाले विकिरण करून टिकवायचा वाशीचा प्रकल्प, लासलगावचा कांद्याचा, शेतकरी लावतात त्या भुईमुगाच्या जाती, हे सगळं अणुऊर्जा खात्यातून आलं. पण १८ मे १९७४ ला पोखरणला जी अणुचाचणी झाली, तीही तेव्हाचे संचालक राजा रामण्णांच्या हाताखाली त्याच केंद्रातल्या लोकांनी केली. कुठल्या खोलीत टेबल मिळेल हे मुलाच्या हातात नेहमी नसतं. म्हणूनच मी म्हणतो, आत जायच्या आधी याबद्दल बोलणं झालं पाहिजे, आणि शिकवायचे पैसे घेणाऱ्याने ते बोलणं घडवून आणलं पाहिजे. इथे ते एका म्हाताऱ्या सरांच्या मर्जीवर चालतं.

मुलाखतीच्या बॅचमधल्या उणिवा: दोनदा वेळ आयत्या वेळी बदलली, एकदा तर मुलगी पोहोचल्यावर मेसेज आला. मॉक मुलाखतीचं रेकॉर्डिंग हवं तर वेगळे पैसे मागतात, ते १८,००० मध्येच धरायला हवं. मुलींसाठीचं स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर आणि त्याची किल्ली काउंटरवर, सातनंतर काउंटर बंद. हे मी लेखी दिलं, तीन आठवड्यांनी किल्ली खोलीतच ठेवायला लागले.

निकालाचं लिहितो, कारण सगळे तेच विचारतात. बीएआरसीच्या मुलाखतीला आम्ही ठाण्याहून वाशी, वाशीहून खाडी ओलांडून मानखुर्द आणि तिथून रिक्षाने अणुशक्तीनगर असे गेलो. मी बाहेर थांबलो. ती सव्वा तासाने आली. म्हणाली, "कांडी आली नाही, पण थर घेतला." निवड झाली नाही. डीआरडीओची मुलाखत झालीय, यादी लागायची आहे. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे पुढच्या जाहिरातीलाही ती अर्ज करणार आहे. दरम्यान ती सरांच्या बॅचमध्ये नव्या मुलांची मॉक मुलाखत घ्यायला बसते, त्याचे पैसे क्लास देत नाही आणि तिने मागितलेलेही नाहीत.

चौकशीला जायचं तर दुपारी जाऊ नका, तेव्हा काउंटरवर फक्त एकत्र पॅकेजचं सांगतात. नुसती मुलाखतीची बॅच मिळते, पण ती मागावी लागते. संध्याकाळी सहानंतर जा, मागच्या खोलीत. सर स्वतः असतात. मुलाला सोबत न्या. ते पालकांशी कमी बोलतात, मुलाला थेट फळ्याकडे पाठवतात.